अकरा ट्रॉल्या माती

ती सही माझीच आहे. पूर्ण नाव, वळणदार अक्षर, खाली दोन रेघा. सुनावणीच्या टेबलावर प्लॉटिंगवाल्याच्या माणसानं झेरॉक्स पुढं सरकवली आणि लई गोड आवाजात विचारलं, "ताई, सही ओळखता का ही?" माझ्या शेजारी बसलेला नवरा खाली मान घालून स्वतःच्या चपलेकडं बघायला लागला. मी मान खाली घातली नाही. "माझीच हाय," म्हणलं. खोटं बोलायची मला सवय नाही, आणि ती त्या ऑफिसात लावून घ्यायची नव्हती.

ती सही त्या कागदावर कशी गेली ते सांगायचं तर आधी आमच्या रानात यावं लागंल.

आमचं रान शेंद्र्याच्या पुढं, टेकडीच्या पायथ्याला. दीड एकर. मूळची गायरानाची जमीन. माझ्या सासऱ्यांनी मोर्चे काढून, तुरुंगात जाऊन तिचा पट्टा मिळवलेला. मी लग्न होऊन आले तेव्हा ते थकले होते, पण घरात त्यांचा एक नियम चालायचा. कागद दोनदा वाचल्याबिगर सही करायची नाही. "अंगठ्याचे दिवस गेले म्हणून डोळे झाकून सही करायचे दिवस आले, असं नाय," म्हणायचे. मी बारावी शिकलेली सून, म्हणून कुठलाही कागद आला की आधी माझ्या हातात. त्यांना माझं लई कौतुक होतं. आणि नियम मोडला तो मीच.

रानात आम्ही मेथी, कोथिंबीर, पालक करतो. नवरा कंपनीत शिफ्टला जातो, रान माझ्याकडं. पाणी सामाईक विहिरीचं. विहीर आमच्या आणि चाचांच्या बांधावर आहे. चार दिवस आमची पाळी, चार दिवस त्यांची. चाचा म्हणजे आमचे शेजारी, सत्तरीचे, शेळ्या राखतात आणि उमेदीत त्यांनी आख्ख्या पट्ट्यात विहिरी खोदल्यात. आमचीही त्यांनी आणि सासऱ्यांनी मिळून खोदलेली. पाण्याच्या पाळीवरनं या दोन घरांत इतक्या वर्षांत कधी तंटा झाला नाही. सख्ख्या भावांत होतो, आमच्यात झाला नाही.

टेकडी कुणाच्या तरी मालकीची होती, पण आमच्या लेखी ती चाचांच्या शेळ्यांची होती. मग ती एका प्लॉटिंगवाल्याला विकली गेली. उन्हाळ्यात वर पोकलेन चढलं, मोठमोठे बोर्ड लागले आणि टेकडीवरची काळी माती साय काढावी तशी काढून एका कडेला ढीग घातले.

आता मराठवाड्यातल्या माणसाला गाळ म्हणजे काय असतो, ते बाहेरच्याला कळायचं नाही. तळं आटलं की आमच्याकडं माणसं गाड्या जुंपून गाळाला पळायची. सासरे सांगायचे, वैशाखात तळ्यातला गाळ आणून टाकला की तीन वर्षं खताकडं बघायला लागत नाही. गाळ म्हणजे घरी चालत आलेली लक्ष्मी, तिला नको म्हणणारा माणूस आमच्या शिवारात सापडायचा नाही. त्यामुळं प्लॉटिंगचा सुपरवायझर खाली आला आणि म्हणला, "ताई, वरचा गाळ पडून हाय, न्यायचा का? फुकट हाय," तेव्हा मी कुठला गाळ, कशाचा गाळ, हे विचारलंच नाही. फुकट ते पौष्टिक. मीच वस्तीवर हिंडून पाच घरं गोळा केली. "या गं, गाळ वाटायलेत," म्हणून हाळी दिली ती मी. त्यानं रजिस्टर पुढं केलं. "नुसती पोच हाय," म्हणला. पहिली सही माझी. वरचं काही वाचलं नाही. ट्रॉल्या उभ्या होत्या, ऊन तापलं होतं, आणि मला वाटलं, गाळाच्या पोचपावतीत वाचायचं काय?

माझ्या रानात अकरा ट्रॉल्या पडल्या.

चाचांनी एकही घेतली नाही. त्यांनी मूठभर माती उचलली, थुंकी लावून तळहातावर मळली, वास घेतला आणि टाकून दिली. "बेटी, माती अच्छी है," म्हणले. "पण ही तळ्याची नाय. तळ्याचा गाळ पाण्यानं आणून दिलेला असतो, तो घेतला तर कुणाचं काय जात नाय. ही टेकडीची कातडी हाय. ती काढल्यावर खाली काय उरतं?" मी हसले. म्हणलं, चाचा, तुम्हाला फुकटचं सोसत नाही. ते शेळ्या घेऊन गेले.

खाली काय उरतं ते पावसाळ्यात कळलं. मुरूम उरतो आणि पांढरी चुनखडी. त्यांनी पावसाळ्यातही पोकलेन थांबवलं नाही. प्रत्येक पावसाला टेकडीवरनं घट्ट पांढरा रबडा खाली यायचा. नाल्याची वाट त्यांनी रस्त्यासाठी बुजवलेली, त्यामुळं तो सरळ आमच्या रानातनं विहिरीत. मेथीच्या वाफ्यांवर चार बोटं थर बसला आणि ऊन पडल्यावर सारवलेल्या ओट्यासारखा टणक झाला. खुरप्याचं टोक वाकलं. दोनदा बी टाकलं, दोनदा आतल्या आत कुजलं.

रानाचं एक वेळ सोसलं असतं. विहिरीचं सोसवलं नाही. आमच्या विहिरीला तीन झरे. दिवाळीला चाचा दोर लावून आत उतरले आणि वर आले तेव्हा कमरेपर्यंत पांढरे. काठावर बसून त्यांनी बोटं दाखवली. दोन झरे बुजलेले, तिसरा कण्हतोय. "आणखी एक पावसाळा असाच गेला," म्हणले, "तर ही विहीर नाय, खड्डा. मग तुझी पाळी बी नाय, माझी बी नाय." विहिरी खोदण्यात जन्म गेलेला माणूस तो. मला त्या दिवशी इतका राग आला की जेवण गेलं नाही. राग निम्मा त्या प्लॉटिंगवाल्याचा आणि निम्मा माझा स्वतःचाच.

मी टेकडीवर गेले. सुपरवायझर खुर्ची टाकून चहा पीत होता. म्हणलं, "दादा, तुमचा चिखल आमच्या विहिरीत यायलाय." तो म्हणला, "गाळच हाय की ताई. तुम्हाला आवडतो ना?" आणि बाजूची पोरं हसली. मीही हसले असते, दुसऱ्याच्या विहिरीची गोष्ट असती तर.

घरी आल्यावर नवरा म्हणला, "अगं, मोठी माणसं हायत ती. आपण काय करणार?" मी म्हणलं, "तुमच्या बापानं काय केलं होतं?" आमच्या घरात हे एक हत्यार आहे, ते मी वर्षातनं एकदाच काढते.

टेकडी फोडायला कुणीतरी मंजुरी दिली असणार आणि मंजुरीचा कागद असणारच, एवढं मला सासऱ्यांमुळं ठाऊक होतं. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. महिन्याभरानं जाड लखोटा आला. पहिली पानं गटनंबर, क्षेत्रफळ, नकाशे. मागच्या बाजूला बारीक टायपात अटी. मी चुलीपुढं बसून दोनदा वाचल्या, मग बोलावून आणून चाचांना वाचून दाखवल्या. उतारावर काम सुरू करायच्या आधी खालच्या अंगाला दगडांचा बांध घालायचा. गाळ बसायला खड्डा खणायचा, तो भरला की विकासकानं स्वतः उपसायचा आणि निघालेली माती उतारावरच पसरायची. पावसाळ्यात खोदकाम बंद. नाल्याची वाट बुजवायची नाही. चाचा ऐकत होते आणि प्रत्येक अटीला मान हलवत होते. शेवटी म्हणले, "बेटी, हे लिवणारा माणूस टेकडीला वळखतो." मी म्हणलं, वळखतो, पण टेकडीवर कुणी बघायला गेलेलं नाही. ज्याच्यासाठी लिहिलं त्यानं वाचलं नाही, ज्यानं लिहिलं त्यानं पाहिलं नाही, आणि ज्यांच्या विहिरीत चिखल गेला त्यांना असं काही लिहिलेलं आहे हेच माहीत नव्हतं. व्वा रे कारभार.

ज्या ऑफिसनं मंजुरी दिली तिथंच मी तक्रार दिली. मग हेलपाटे. शहरात क्रांती चौकात उतरायचं, चालत ऑफिस गाठायचं. साहेब साइटवर, साहेब मीटिंगला, उद्या या. मी उद्या जायचे. तिथला शिपाई एकदा म्हणला, "मावशी, तुम्हाला दुसरं काम नाय का?" म्हणलं, "होतं रे बाबा. मेथी होती. ती तुमच्या मंजुरीखाली गाडली गेली." पुढच्या खेपेला त्यानंच मला खुर्ची दिली.

शेवटी त्या साहेबांच्या जागी नवीन मॅडम आल्या आणि त्यांनी सुनावणी लावली. आणि त्या सुनावणीत ती झेरॉक्स निघाली.

प्लॉटिंगवाल्याच्या माणसानं ती मोठ्यानं वाचली. आम्ही खालील शेतकरी टेकडीवरची वरची काळी माती आमच्या राजीखुशीनं आमच्या शेतात नेत आहोत, तिचा आम्हाला फायदाच आहे, पुढं कसलीही तक्रार करणार नाही. खाली सहा सह्या, पहिली माझी. "मॅडम," तो म्हणला, "स्वतः मागून नेलं आणि आता बोंब मारतात. याला काय म्हणायचं?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. सासरे असते तर त्यांनी काय तोंड केलं असतं, हेच डोळ्यापुढं आलं. मग वाटलं, तेव्हा वाचलं नाहीस ना, आता तरी वाच. मी म्हणलं, "मॅडम, तो कागद माझ्याकडं द्या जरा." आणि सगळ्यांना थांबवून दोनदा वाचला. पहिल्या वाचनात नुसती लाज वाटली. दुसऱ्या वाचनात 'वरची काळी माती' या शब्दांवर बोट थांबलं. पिशवीतनं मंजुरीचा कागद काढला. त्यात एक अट होती, जी मी घरी वाचून पुढं सरकले होते, कारण ती विहिरीबद्दल नव्हती. वरची काळी माती काढली तर जागेवरच ढीग करून झाकून ठेवायची, बाहेर न्यायची नाही, काम झाल्यावर उतारावर परत पसरून गवत लावायचं.

दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवले. "मॅडम, माती मी नेली, खरं हाय. यांनी दिली, हेबी खरं हाय. यांनीच लिहून आणलंय. फक्त एवढं विचारा, द्यायची परवानगी यांना कुणी दिली होती?"

मॅडमनी दोन्ही कागद वाचले. त्या माणसाला म्हणल्या, "हा पुरावा तुम्ही कुणाच्या विरोधात आणलाय?" तो म्हणला, "लोकांच्या भल्यासाठीच दिली होती." पण आता त्याचा आवाज पहिल्यासारखा गोड नव्हता. मॅडमनी तिथल्या तिथं काम बंद केलं. मिरगाच्या आत बांध, खड्डा, नाल्याची वाट मोकळी, विहिरीतला चिखल उपसून द्यायचा, आणि उतारावर काळी माती परत.

जिन्यात त्या माणसानं मला गाठलं. "ताई, जिंकल्या बरं का," म्हणला. "पण माती तुमच्याच रानात हाय. आम्ही कुठनं आणायची? बघू, दुसरी एखादी टेकडी सोलू." आणि निघून गेला.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं. दुसरी टेकडी म्हणजे तिच्याही पायथ्याला कुणाचं तरी रान, कुणाची तरी विहीर, कुणीतरी चाचा. इथंच जवळ असंल, सिल्लोडच्या रस्त्याला असंल, कुठंतरी असणारच. चाचांना विचारलं, नुसत्या बांधानं भागंल का? ते म्हणले, "कातडी नसंल तर वरनं येतच राहणार. दोन पावसांत खड्डा भरतो. माती पायजे, मातीत गवत पायजे."

मी नवऱ्याला म्हणलं, "आपल्या अकरा ट्रॉल्या परत द्यायच्या."

"वेड लागलं का?" तो म्हणला. "हातात आलेली माती कोण परत देतं? अन् ती आता आपल्या मातीत मिसळलीया. ती काढताना आपलीबी वीतभर जाईल. वरनं ट्रॉल्या हिंडून रान दडपंल ते वेगळंच. एक हंगाम कायबी यायचं नाय."

"जाऊ दे. विहीर गेली तर ती माती काय चाटायची हाय?"

त्यानं ताट सरकवलं आणि उठून गेला. सकाळी शिफ्टला जाताना मात्र म्हणला, "वाफ्याकडनं सुरू करायला सांग. पलीकडची मूळची हाय, तिला हात लावू देऊ नको." एवढंच. माणूस चांगला आहे, फक्त त्याला रात्रभर वेळ लागतो.

मग मी परत वस्तीवर हिंडले, ज्या घरांना हाळी दिली होती त्याच घरांपुढं. शेजारीण दारातच म्हणली, "न्यायला तूच बोलावलंस, आता परत मागायलाबी तूच?" म्हणलं, "व्हय. दोन्ही मीच." ती म्हणली, "तुझी सही पहिली हाय, तूच निस्तर." आणि दार लावून घेतलं. पाचातल्या दोघांनी दिली, तिघांनी नाही. त्यांची विहीर वेगळी आहे, त्यांचं मी काही मनात धरलं नाही. खरं तर धरलं, पण बोलले नाही.

ट्रॉल्या प्लॉटिंगवाल्याच्याच. एकेक ट्रॉली भरली की मी वहीत लिहायची आणि सुपरवायझरकडनं त्यावर सही घ्यायची. तो वैतागला. "ताई, मातीची कसली पोच?" म्हणला. मी म्हणलं, "तुमच्याकडनंच शिकले." आपली काळी माती टेकडीवर चढताना बघवत नव्हतं, खोटं कशाला सांगू. नवव्या ट्रॉलीला मी बांधावर बसून पदर तोंडाला लावला. दहावी आणि अकरावी चाचांनी वहीत लिहिली, उर्दूत.

बांधाचं काम निघालं तेव्हा त्यांच्या मिस्त्र्यानं सिमेंटची भिंत धरली. चाचा काठी टेकत वर गेले. "बाबा, पाणी कशाला अडवतो? माती अडव. पाण्याला जाऊ दे." खाली मोठा दगड, वरच्या अंगाला बारीक, मधे सिमेंट नाही, असं त्यांनी उभं राहून रचून घेतलं. उतारावर मारवेल गवताचे ठोंब लावले. आणि आपल्या शेळ्या त्यांनी सबंध हंगाम दावणीला बांधून ठेवल्या, हातानं चारा आणून घातला. चाचांनी एक ट्रॉलीही घेतली नव्हती, तरी दंड त्यांनीही भरला.

पाऊस झाला. पाणी बांधाच्या दगडांतनं झिरपून खाली आलं, गढूळ होतं, पण पाणी होतं, रबडा नव्हता. तीनपैकी दोन झरे सुटले. तिसरा गेला तो गेलाच. माझं रान उघडंबोडकं पडलेलं. चिखलाचा थर गेला, पण त्याच्यासंगं माझीही वीतभर माती गेलेली, वर ट्रॉल्यांनी दडपलेलं. नुसता मुरमाड तळ दिसायचा, आणि त्याच्या कडेला काठोकाठ विहीर. माझ्या पाळीचं पाणी त्या हंगामात चाचांनी वापरलं.

पोळ्याच्या सुमाराला सुपरवायझर खाली आला. बगलेत तेच रजिस्टर. या खेपेला उभ्यानंच बोलला, अदबीनं. "ताई, खड्डा भरलाय. उपसायचाय. वरची धुतली गेलेली काळी माती हाय त्यात, एकदम बारीक, मेथीला एक नंबर. तुमचं रानबी उघडं पडलंय. मी काय म्हणतो, नेता का? कुणाला कळायचं नाय."

मी माझ्या रानाकडं बघितलं. लई वेळ बघितलं. मग त्याच्या हातातलं रजिस्टर घेतलं, बांधावर बसून वरचा मजकूर दोनदा वाचला, आणि सहीच्या रकान्यात लिहिलं, माती वर न्या. खाली सही केली. पूर्ण नाव, दोन रेघा.